बेळगाव ते सतवास : दहा पोरांचा हिशोब

(रविवारच्या बैठकीत केलेलं हे बोलणं. बोललो तसंच ठेवलंय, फक्त दोन-चार ठिकाणी वाक्यं सरळ केलीत.)



मला सांगण्यात आलं होतं की "दिवाळीच्या सुट्टीत लांब भटकून आलास ना, मग दहा-पंधरा मिनिटं त्यावर बोल." मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. प्रवासवर्णन मला जमत नाही. पण या प्रवासात एक गोष्ट डोक्यात शिरली ती अजून निघालेली नाही. ती तुमच्यापुढे ठेवतो. काही जणांना ती आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही दोघं गेलो होतो. मी आणि माझा वर्गमित्र. तो घरी कन्नड बोलतो, मी मराठी. आमच्या दोघांत बोलणं होतं ते बेळगावी. म्हणजे वाक्य मराठीत सुरू होतं आणि कुठे संपेल ते सांगता येत नाही. गाडी त्याच्या काकांची, जुनी, नंबर केए २२. बेळगावहून कोल्हापूर, पुणे, नाशिक, धुळे, आणि पुढे आग्रा रोडने सेंधव्याचा बिजासन घाट चढून माळव्यात. एका बाजूचेच हजारेक किलोमीटर होतात. घाटात एक चाक पंक्चर झालं, तेवढं एक सोडलं तर गाडीने त्रास दिला नाही.

जायचं कारण घरगुती होतं. माझ्या आईच्या मावशीचं सासर सतवासला. देवास जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तरेला हे गाव आहे. १९६९ साली लग्न होऊन ती तिकडे गेली. आता पंचाहत्तरी ओलांडलीय. आई म्हणाली, "तिला एकदा बघून ये, फराळ घेऊन जा." मित्र म्हणाला, "मी पण येतो, मला देवास बघायचंय." त्याला देवास का बघायचं होतं, ते पुढे सांगतो.

खलघाटला नर्मदा ओलांडली आणि धामनोदवरून धारकडे वळलो. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थानं. शाळेत आपण शिकलो तसा इतिहास मी गाडीत सांगायला लागलो. १७२८ साली चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याला मोगलांच्या सुभेदाराचा पराभव केला. ते अमझेरा याच धार जिल्ह्यात आहे. पानिपतावर धारचे यशवंतराव पवार पडले. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव, त्याचा जन्म धारच्या किल्ल्यातला, १७७५ चा. मी रंगात आलो होतो. किल्ल्यासमोर उभं राहून मित्राने शांतपणे विचारलं, "म्हणजे इथं तुम्ही सरकार होता, होय की नाही?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या घरात माळवी. आणि वसुलीला येणारा माणूस, त्याचा कागद, त्याचा शिक्का मराठी. त्याला काय वाटत असेल रे?"

मला राग आला. खरं सांगतो, पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर मी बोललोच नाही. कारण मला उत्तर देता येत नव्हतं. बेळगावात आपण म्हणतो की आमचा सातबारा आमच्या भाषेत द्या, नोटीस आमच्या भाषेत द्या. आणि इथे माळव्यात कधी काळी नोटीस काढणारे आपणच होतो. बेळगावचा मराठी माणूस मातीतला आहे, कुणाच्या स्वारीबरोबर आलेला नाही, हे मला माहीत आहे. पण मराठी भाषा सगळीकडे नेहमीच सोसणारी होती, असं काही नाही. माळव्यात ती दरबारात बसली होती.

देवासला पोचलो. देवासची गंमत अशी की ते एक गाव आणि दोन संस्थानं. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार भावांची थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार, आणि हद्द गावातूनच गेलेली. इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून इथे राहिला होता, आणि त्यावर त्याने पुढे पुस्तकही लिहिलं. आता त्या हद्दीचं काहीही दिसत नाही. आम्ही शोधली. एका दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "भैया, कौन-सी सीमा?" पिढ्यान्पिढ्या टिकलेली हद्द, आणि आज दुकानदाराला विचारावं लागतं.

मित्राला देवास बघायचं होतं ते कुमार गंधर्वांसाठी. तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे, पण एकदा म्हणतोच. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, जन्म ८ एप्रिल १९२४, गाव सुळेभावी. आपलं सुळेभावी, बेळगावच्या शेजारचं. घरची भाषा कन्नड. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले. क्षयाने आजारी पडले म्हणून १९४८ साली कोरड्या हवेसाठी देवासला आले. काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले, आणि उठले ते ती गाणी बरोबर घेऊनच. पुढे कबीर गायले, तुकाराम गायले. १९९२ मध्ये देवासलाच गेले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर आहे. आम्ही बाहेरूनच बघितलं. आत जाऊन कुणाला त्रास द्यावा असं वाटलं नाही.

तिथे मित्र म्हणाला, "आमचा माणूस." मी म्हटलं, "आमचा." मग दोघंही हसलो. माळवेवाला म्हणेल, "हमारा." तिघंही खरंच बोलतायत. एका माणसावर तीन भाषांचा हक्क असू शकतो आणि त्यात कुणाचं काही कमी होत नाही. हे पुस्तकात मी वाचलं होतं, इथे मला दिसलं.

देवासहून सतवासला निघालो. चापड्यावरून कन्नोद, आणि तिथून दक्षिणेला वळायचं. सोयाबीन निघून गेलेलं, गव्हाची पेरणी चाललेली. सतवास हे बाजाराचं गाव. तहसील आहे, नगर परिषद आहे. मुद्दाम बघायला जावं असं काही नाही, आणि म्हणूनच मला ते आवडलं.

स्टँडजवळ चहाला थांबलो. टपरीवाल्याने नंबरप्लेट बघितली. "कर्नाटक से?" मी म्हटलं, "हो." "मग आपसात मराठी का बोलता?" आता बेळगावच्या माणसाला हा प्रश्न जगात कुठेही गेलं तरी चुकत नाही. मी सांगायला सुरुवात केली, १९५६, राज्य पुनर्रचना, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "तारीख कोणती?" मी म्हटलं, १ नोव्हेंबर १९५६. तो म्हणाला, "अरे, तो तर आमचा स्थापना दिवस!"

आणि खरंच की. त्याच दिवशी मध्य भारत मोडून सतवास मध्य प्रदेशात आलं. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. एकच कायदा, एकच तारीख. त्यांच्याकडे त्या दिवशी शाळेत गाणी म्हणतात. आपल्याकडे अर्धं गाव मिरवणूक काढतं आणि अर्धं गाव काळा दिवस पाळतं. मला वाटलं होतं १ नोव्हेंबर ही फक्त आपली तारीख आहे.

चहाचे पैसे द्यायला मी शंभराची नोट काढली. मित्र म्हणाला, "थांब." देवासला नोटांचा सरकारी छापखाना आहे. आपल्या नोटा चार ठिकाणी छापल्या जातात : नाशिक, देवास, म्हैसूर आणि बंगालमधलं सालबोनी. नोटेच्या मागच्या बाजूला भाषांची पट्टी असते, पंधरा भाषांची. वरून चौथी कन्नड, आठवी मराठी. मित्र म्हणाला, "बघ, देवासला छापली असेल तर तुझी-माझी भाषा इथंच एकाखाली एक छापली गेलीय, आणि कुणी दगड मारला नाही."

बाकड्यावर शेतावरून आलेला एक मजूर बसला होता. त्याने नोट हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "यात कोरकू कुठंय?" तो घरी कोरकू बोलतो. नर्मदेच्या दोन्ही अंगांना आणि खाली आपल्या मेळघाटात कोरकू बोलतात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत, त्यात कोरकू नाही. मग नोटेवर कुठून असणार? आम्ही दोघंही गप्प. आपल्या दोघांच्या मागे निदान एकेक राज्य उभं आहे. त्याच्या मागे कुणीच नाही. नोट त्याने परत दिली. राग नव्हता, नुसतं विचारलं होतं.

मग मावशीआजीकडे गेलो. दारातच तिने पहिला प्रश्न काय विचारला असेल? कसा आहेस, जेवलास का, काही नाही. "काय रे, सीमाप्रश्न सुटला का?" आणि मग स्वतःच हसली. "माझं लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणत होते, महाजन अहवाल आलाय, पण महाराष्ट्राने तो मानला नाही, तेव्हा वर्षभरात काहीतरी होईल. मी म्हटलं, माहेरी पहिल्या दिवाळीला जाईन ती महाराष्ट्रात." अहवाल आला १९६७ ला. महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला २००४ ला. तिच्या पन्नासहून जास्त दिवाळ्या होऊन गेल्या.

तिचं मराठी आता माळव्याचं झालंय. "बसून घ्या, पोहे खाऊन घ्या, काय चाललंय तिकडे, आई काय करून राहिलीय?" मित्राला फार मजा वाटली. पोह्यांवर शेव आणि बाजूला जिलबी. मित्र कन्नड आहे म्हटल्यावर ती क्षणभर थांबली आणि लहानपणी शेजारणीकडून शिकलेलं एक कन्नड वाक्य तिने म्हणून दाखवलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. सतवासमध्ये अर्ध्या शतकानंतर तिच्या तोंडून निघालेलं ते कन्नड ऐकून मित्राचे डोळे भरले. तो नंतर कबूल करत नाही, पण भरले.

तिच्या सासऱ्यांचे आजोबा होळकरशाहीत वसुलीच्या कामाला इकडे आले. सतवास तेव्हा इंदूर संस्थानात होतं. पुढे १९४८ साली मध्य भारत झाला तेव्हा देवासच्या दोन्ही पात्या आणि होळकर-शिंद्यांचा काही मुलूख जोडून आजचा देवास जिल्हा तयार झाला. तिच्याकडे एक ट्रंक आहे. त्यात मोडीतले कागद. तिने ते उघडून दाखवले आणि म्हणाली, "तू शिकलेला आहेस, वाचून दाखव." मला मोडी येत नाही. तिच्या मुलाला येत नाही. नातवाला तर देवनागरीतलं मराठी पण सावकाश वाचावं लागतं. तो इंदूरला शिकतो, घरी हिंदी बोलतो. आजीला "आजी" म्हणतो एवढं मराठी आहे.

मी विचारलं, "मावशीआजी, इथं मराठीवर कधी कुणी सक्ती केली? बंदी घातली?"

ती म्हणाली, "छे रे. कोणी काही नाही केलं. सगळे चांगलेच लोक आहेत. आमच्या घरात मराठी फक्त आरतीला राहिली बघ. शाळेत हिंदी, दुकानात हिंदी, मुलं भांडायची ती पण हिंदीत. मी म्हणायची बोला मराठी, तर म्हणायचे, कोणाशी बोलू? एकदा आम्ही चार घरांनी ठरवलं होतं मराठीचा वर्ग काढून घ्यायचा. दहा मुलं नाही जमली."

दहा मुलं. मी राज्यशास्त्र शिकतो म्हणून हा आकडा माझ्या कानाला टोचला. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठराव केला होता की एखाद्या शाळेत अल्पसंख्य भाषेची चाळीस मुलं असतील किंवा एका वर्गात दहा असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० क आलं. त्यात म्हटलंय की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय राज्यांनी करावी. आपण बेळगावात पंधरा टक्क्यांचा नियम सांगतो, कागदपत्रं आमच्या भाषेत द्या म्हणतो. तो नियमही याच घराण्यातला. पण सगळ्याच्या मुळाशी हा दहाचा आकडा आहे. वर्गात दहा पोरं असतील तर हक्क मागता येतो. नसतील तर कलम पुस्तकात राहतं.

सतवासमध्ये मराठी कुणी मारली नाही. तिच्यावर लाठी चालली नाही, फलक काढले गेले नाहीत. फक्त वर्गात दहा पोरं जमली नाहीत.

आता आपल्याकडे बघूया. आपल्यावर अन्याय होत नाही, असं मी म्हणत नाही. १९५६ चा जानेवारी आणि १९८६ चा जून आपण विसरलेलो नाही, विसरूही नये. पण मी माझ्याच गावाचं सांगतो. शाळेचं नाव घेत नाही. मी पहिलीत होतो तेव्हा माझ्या वर्गात बत्तीस पोरं होती. परवा जाऊन हजेरीपट बघितला. पहिलीत अकरा. अकरा, मंडळी. दहाच्या वर एक. आणि या अकराची संख्या कुणा सरकारने कमी केली नाही. सकाळी साडेसातला गावात पिवळ्या गाड्या येतात आणि पोरं इंग्रजी शाळेत घेऊन जातात. त्या गाडीत मोर्च्यात पुढे असणाऱ्यांची पोरं आहेत. माझ्या भावाची मुलगी येत्या जूनमध्ये शाळेत जाणार. घरात ठरलंय, इंग्रजी. मी स्वतः सातवीनंतर इंग्रजीत गेलो. तेव्हा मी इथे उभा राहून कुणाला शहाणपण शिकवायला आलेलो नाही. भाऊ मला म्हणाला, "तुझ्या भाषेसाठी माझ्या पोरीचं नुकसान करू काय?" मला त्याला उत्तर देता आलं नाही. शाळा चांगली असती तर देता आलं असतं. म्हणून मला वाटतं, शाळा चांगली करणं हाही सीमाप्रश्नच आहे.

आणि आता ती गोष्ट, जी काहींना आवडणार नाही. परत येताना आम्ही पुनासाच्या रस्त्याने नर्मदा ओलांडली आणि खंडवा, बऱ्हाणपूर करत इच्छापूरवरून महाराष्ट्रात शिरलो. बऱ्हाणपुरात हिंदी-मराठी इतकी मिसळलेली की कुठली कुठे संपते कळत नाही. हद्दीवर ना घोषणा, ना बंदोबस्त. मुक्ताईनगरच्या अलीकडे मित्र म्हणाला, "माझ्या आईचं माहेर जत तालुक्यातलं. तिथल्या कन्नड शाळेत मास्तर नाही म्हणून मामा दोन वर्षं अर्ज करतोय. तुझ्या पंधरा टक्क्यांत, तुझ्या दहा पोरांत तो बसतो काय रे?"

जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर. महाराष्ट्रातले कन्नड बोलणारे. कलम ३५० क मध्ये मराठी हा शब्द नाही. कन्नड हाही नाही. त्यात भाषिक अल्पसंख्याक एवढंच आहे. मी बेळगावच्या पोरासाठी जे मागतो तेच जतच्या पोरासाठी मागत नसेन, तर मी हक्क मागत नाहीय, मी फक्त माझी बाजू मागतोय. मी त्याला गाडीतच म्हटलं, "बसतो. तुझा मामा बसतो." धारला मी ज्या प्रश्नावर रुसलो होतो त्याचं उत्तर मला तिथे मिळालं. माळव्यात आपण सरकार होतो, बेळगावात आपण अर्जदार आहोत, जतला परत आपण सरकार आहोत. अर्जदार असताना जे वाटतं ते सरकार असतानाही आठवलं पाहिजे, एवढंच.

म्हणून माझी तीन कामं आहेत. मोठी नाहीत.

पहिलं, आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावच्या मराठी शाळेत जाऊन पहिलीचा हजेरीपट बघायचा आणि आकडा लिहून आणायचा. फक्त आकडा, भाषण नको. दुसरं, ज्या वर्गात आकडा दहाच्या जवळ आलाय, तिथे आई-बापांशी बोलायला आपण जायचं. शाळेत काय कमी आहे ते विचारायचं आणि ते भरून काढता येतं का बघायचं. इंग्रजी शिकवायला, गणिताला, आठवड्यातून दोन तास. मी स्वतः शनिवारी माझ्या जुन्या शाळेत जायला लागलोय. तिसरं, जतच्या त्या शाळेसाठीचा अर्ज मी आणि मित्राने मिळून मराठीत लिहिलाय. त्यावर बेळगावच्या मराठी पोरांच्या सह्या असाव्यात, असं मला वाटतं. कागद मागच्या टेबलावर आहे. पहिली सही माझी आहे. सक्ती नाही.

निघताना मावशीआजीने ट्रंकेतला एक मोडी कागद मला दिला. म्हणाली, "घेऊन जा. बेळगावात कोणी वाचणारा मिळाला तर सांग काय लिहिलंय." अजून वाचून घेतलेला नाही. इथे कुणाला मोडी येत असेल तर बैठकीनंतर भेटा.

आणि भावाच्या मुलीचं अजून ठरलेलं नाही. जूनला अजून वेळ आहे. शाळेतला आकडा अकरा आहे. तो बारा होतो की दहा, ते माझ्या घरापासून सुरू होणार आहे.